रजिस्टरात मेलेल्या बाईचा मुलगा

चीनचं युद्ध पेटलं त्या आठवड्यात मी अण्णांच्या दवाखान्याच्या पाटीवर पत्रक चिकटवलं. 'शत्रूला आपल्या गल्लीत थारा देऊ नका' हा मथळा माझाच. बेळगावात कॉलेजात असल्यापासून मी सीमाप्रश्नावर पत्रकं लिहीत आले होते. टायपिस्टची नोकरी लागली म्हणून बंगळूरला थोरल्या बहिणीकडे राहायला आले, आणि युद्ध लागताच हात शिवशिवले. पाटीवर दातांच्या कवळीचं चित्र होतं आणि त्याखाली एक चिनी आडनाव. मला तेवढं आडनाव पुरलं. चौकशी वगैरे मी केली नाही. पत्रकवाले चौकशी करत नाहीत, मथळा करतात.

मी कागद दाबत होते तोच दार उघडलं. पन्नाशीचा माणूस, नेसूचं धोतर, वर काळा कोट आणि चेहरा असा की शंकेला जागाच नको. मी पळायच्या बेतात. त्यांनी पत्रक वाचलं. मराठी पत्रक, पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत. मग चिमटीत एक कोपरा उचलून बघितला.

"खळ कच्ची आहे, अक्का. नुस्ता मैदा घातला काय? झुरळं खाऊन टाकतील. स्वल्प थांबा."

आत गेले आणि वाटीभर खळ घेऊन आले. "ह्यात मोरचूद आहे. झुरळ शिवत नाही. आमची आई अशीच करायची." आणि त्यांच्याविरुद्धचं पत्रक, त्यांच्याच पाटीवर, त्यांनी चारही कोपरे दाबून नीट बसवून दिलं.

"जोरात लिहिलंय," मागे सरून बघत म्हणाले. "'शत्रू' तेवढा दोनदा आलाय."

"तुम्ही मराठी कसे काय बोलता?" मी विचारलं.

"तुम्ही कशा काय बोलता?"

"मी मराठी आहे."

"सरी. मग माझंही तसंच."

तीन रात्री मला झोप लागली नाही. चौथ्या दिवशी पत्रक काढायला गेले तर ते निघेना. शेवटी पाण्याने भिजवून सुरीने खरवडावं लागलं, आणि अण्णा खाली माझं स्टूल धरून उभे. "सांगितलं होतं की," एवढंच म्हणाले.

पेठेतल्या जुन्या मराठी घरांत बोलतात ती अण्णांची मराठी. निम्मे शब्द कन्नड ('सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे जरा), उरलेले असे जुने की आमच्या बेळगावातसुद्धा म्हाताऱ्यांच्याच तोंडी ऐकू यावेत. त्यांची आई त्या पेठेतल्या एका कापडवाल्यांची मुलगी. दाढ दुखते म्हणून बापाने स्वतः तिला लष्करी छावणीच्या भागातल्या चिनी दातवाल्याकडे नेलं. चार वेळा दाढ दुखली. पाचव्या वेळी ती घरी परत आलीच नाही. दोघं पिनांगला गेली, तिथे अण्णा झाले, आणि दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन दोघं पुन्हा बंगळूरला आली. त्यानंतर अण्णा या गावाबाहेर फारसे गेले नाहीत. चीन त्यांनी फक्त शाळेच्या नकाशात पाहिला होता.

चिनी भाषेतली त्यांना दोनच वाक्यं येत होती, बापाकडून धंद्याबरोबर आलेली: 'तोंड उघडा' आणि 'दुखतंय का?'

माणसं त्यांना चेहऱ्याने आठवत नसत, दातांनी आठवत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की अण्णा गोंधळून बघत राहायचे. तो हसला की लगेच, "हां हां, खालचे चार!" बायका त्यामुळे त्यांच्यासमोर पदर तोंडावर धरून बोलायच्या. नवी कवळी बसवली की ती तपासण्याची त्यांची स्वतःची रीत होती. गिऱ्हाइकाला सांगायचे, "आता ज्याच्यावर राग आहे त्याला शिव्या द्या. मनापासून. रागात माणूस शब्द खात नाही, कुठं फट आहे ते मला कळतं." भलीभली माणसं आरशासमोर बसून सुनेला, जावयाला, हेडमास्तरला शिव्या द्यायची आणि अण्णा कान लावून ऐकायचे. "'स' स्वल्प सुटतोय. पुन्हा द्या." गल्लीतल्या लोकांना दवाखान्याच्या भिंतीतून एकमेकांची सगळी भांडणं ठाऊक होती.

लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "आधी जात शोधा, मुलगी मी शोधतो."

युद्धाच्या दिवसांत ते रेडिओवरच्या बातम्या खिडकी उघडून, आवाज पूर्ण मोठा करून लावायचे. मी म्हटलं, "अण्णा, कान फुटतात हो."

"फुटू देत. मी कुठलं स्टेशन लावलंय ते समोरच्यांना कळायला पाहिजे."

हे ते हसत सांगत. मला हसू येत नव्हतं. मला त्या समोरच्यांच्या खिडक्या फोडाव्याशा वाटत. त्यांच्यात माझ्याही बहिणीची एक खिडकी होती.

चौकात संरक्षण निधीचं टेबल मांडलं होतं. बायका बांगड्या काढून देत होत्या, मी पावत्या लिहीत होते. रांगेत अण्णा दिसले आणि कुजबुज सुरू झाली. "ह्याला कुणी बोलावलं?" अण्णांचा नंबर आला. त्यांनी कोटाच्या खिशातून पकड काढली, तोंड उघडलं आणि स्वतःच्या दाढेवरची सोन्याची टोपी कटकन उपसली. तांब्यातल्या पाण्याने धुतली, रुमालाने पुसली, टेबलावर ठेवली.

"लिहा, अक्का."

आमचे पुढारी आडनाव ऐकून थबकले. "हे आपल्याला घेता येईल का? म्हणजे, चौकशी..."

"सोनं कोलारच्या खाणीतलं आहे," अण्णा म्हणाले. "त्याची चौकशी नको. माझी करा."

मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली. पुढाऱ्यांना विचारलं नाही.

चौकशी आलीच. एक दिवस हवालदार कागद घेऊन आला. परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करा, दर सोमवारी हजेरी द्या, परवानगीशिवाय शहराची हद्द ओलांडू नका, आणि दोन महिन्यांत भारतीय असल्याचा पुरावा आणा. नाही आणला तर देशाबाहेर. आसाम-बंगालकडची चिनी कुटुंबं रेल्वेत घालून राजस्थानातल्या छावणीत नेल्याचं आम्ही ऐकलं होतं. काहींना बोटीत बसवून चीनला पाठवणार असंही बोलत होते.

"तिकडं जाऊन मी करू काय?" अण्णा म्हणाले. "बोटीतून उतरायचं आणि म्हणायचं, 'तोंड उघडा, दुखतंय का?'"

पहिल्या सोमवारी नोंदणीच्या ऑफिसात बसायला काही नव्हतं. हजेरीवाल्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं. दुसऱ्या सोमवारपासून अण्णा घरून घडीचं स्टूल घेऊन जायला लागले. स्वतः कधी त्यावर बसले नाहीत. कुणी म्हातारं दिसलं की त्याला बसवायचे, आणि तो बसला की त्याच्या तोंडात डोकावायचे.

मी राज्यघटना वाचून काढली. माणूस इथेच राहत असेल आणि आई-बापांपैकी एकाचा जन्म भारतातला असेल, तर घटना अमलात आली त्या दिवशीच तो भारताचा नागरिक झाला. स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे अण्णांना मेहेरबानी नको होती. आईचं राष्ट्रीयत्व त्यांचंच होतं, फक्त ते हातात पडायचं होतं. आईचा जन्म बंगळूरचा, एवढं दाखवलं की झालं. मी रजा काढली आणि नगरपालिकेत जाऊन जन्माची जुनी रजिस्टरं उपसायला लागले. तिसऱ्या दिवशी नाव सापडलं. आईचं नाव, आजोबांचं नाव, पेठ, सगळं. मी टेबलावर हात आपटला.

कारकून शांतपणे दुसरं रजिस्टर उघडून बसला होता. "बाई, हेच नाव, हेच घर. ही मृत्यूची नोंद. अविवाहित. वय एकोणीस. कारण ताप."

ती तारीख अण्णांच्या जन्माच्या तीन वर्षं आधीची होती.

नोंदणी ऑफिसातल्या साहेबांनी दोन्ही नकला शेजारी शेजारी ठेवल्या. माणूस वाईट नव्हता. अशी माणसं वाईट नसतात, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड जातं. "तुम्हीच आणलेला पुरावा आहे हा," ते म्हणाले. "ह्याप्रमाणे ह्यांची आई ह्यांच्या जन्माआधी तीन वर्षं वारली. मी काय लिहू?"

मी रस्त्यावर येईपर्यंत कसाबसा धीर धरला. अण्णांना मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"होय की. आई पळून गेली तशी घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. दहावं, तेरावं, सगळं. आमचे आजोबा नेमाचा माणूस. विधी झाला म्हणजे नोंद पाहिजे. गेले असतील दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत."

मुलीवर रागावून तिचं तेरावं घालणारे बाप मी ऐकले होते. त्याची सरकारदरबारी वर्दी देणारा हा एकच. हा शिस्तीचा कळस आमच्याच लोकांनी करावा!

त्या घरातला आता एकच माणूस आईला ओळखणारा उरला होता: तिचा धाकटा भाऊ, सत्तरीचा, पेठेतला मोठा कापडवाला. आणि नऊ वर्षांपासून त्याच्या तोंडात अण्णांनी केलेली कवळी होती. दुपारी दुकान बंद असताना तो मागच्या दाराने यायचा. तो ह्यांना 'डॉक्टर' म्हणायचा, हे त्याला 'शेटजी'. नऊ वर्षांत दोघांपैकी एकाच्याही तोंडून 'मामा' किंवा 'भाचा' निघालं नव्हतं. शिव्यांच्या वेळी शेटजी स्तोत्र म्हणायचे, त्यातच अण्णा फट शोधायचे.

आणि त्या आठवड्यात शेटजींची वरची कवळी दुरुस्तीला अण्णांकडेच होती.

"देऊ नका," मी म्हटलं. "जबानीवर सही, मग कवळी."

अण्णांना रागावलेलं मी त्या दिवशी एकदाच पाहिलं. "त्याला जेवता येणार नाही."

"तुम्हाला इथं राहता येणार नाही!"

"ते माझं मी बघतो. दात त्याचे आहेत."

मग मी मला येत होतं ते केलं. रात्रीत पत्रक लिहिलं: 'जिवंत बहिणीचं तेरावं घालणारे शेटजी'. छापखान्यात न्यायच्या आधी अण्णांना दाखवलं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"जोरात आहे. त्याच्या नातीचं ठरलेलं लग्न मोडेल."

"मोडू दे!"

"सरी. मग तो साक्ष देईल?" त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. "पत्रक वाचून माणूस दार लावून घेतो, अक्का. मला त्याला बोलता करायचंय."

मला हे अजिबात पटलं नव्हतं. हातात चौदा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी अण्णा पुढच्या दाराने शेटजींच्या दुकानात शिरले. मी मागोमाग. शेटजी गादीवर बसले होते, गुमास्ते ठाण उलगडत होते. अण्णांना पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"या, डॉक्टर. इकडं कसे?"

"कवळी आणली." अण्णांनी पुडी समोर ठेवली आणि गादीच्या कडेला बसले. "एक विचारायचं होतं. माझ्या आईची तिथी तुम्ही कुठली धरता?"

गुमास्त्यांचे हात थांबले.

"कुणाची आई?"

"मार्गशीर्षात तुमच्या घरी एक पान वाढतात की, तापानं गेलेल्या बहिणीचं. आईला माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी ती हसायची. 'आज माझं जेवण आहे' म्हणायची, आणि मला शिरा करून घालायची." अण्णा अगदी सहज बोलत होते, दाढेबद्दल बोलावं तसं. "पण ती गेली चैत्रात. वद्य पंचमीला. वीस वर्षं झाली. मी चैत्रात वाढतो, तुम्ही मार्गशीर्षात. तिनं यायचं कधी?"

शेटजींनी समोरची पुडी उचलून मुठीत धरली. मग म्हणाले, "ती तिथी वडिलांनी ठरवलेली."

"होय की. पण वडिलांनी ठरवून कोण मरतं?"

"म्हणजे इतकी वर्षं..." म्हाताऱ्याने पुडी खाली ठेवली. "ते पान पोचलं कुणाला?"

"मला ठाऊक नाही. मी दातांचा डॉक्टर."

शेटजींनी कापडाच्या वेष्टणाचा एक तुकडा ओढला, गुमास्त्याकडून पेन्सिल घेतली. "चैत्र वद्य पंचमी. पहाटे की सूर्योदयानंतर?"

"पहाटे. दूधवाला यायच्या आधी."

त्यांनी ते लिहून घेतलं. अण्णा उठले, आम्ही बाहेर आलो. मी रस्त्यातच भडकले. "सहीचं बोललाच नाहीत! साधं नावही काढलं नाही!"

"स्वल्प थांबा."

"तेरा दिवस आहेत!"

"तर मग तेरा दिवस थांबा."

तेरा लागले नाहीत. सोमवारी आम्ही हजेरीला गेलो तर शेटजी ऑफिसात आधीच येऊन उभे. लांब कोट, डोक्याला जरीचा रुमाल, जणू लग्नाला आले होते. साहेबांना त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "माझ्या वडिलांनी मृत्यूची खोटी नोंद केली. ती रद्द करा आणि चैत्रातली घाला. मला श्राद्ध बदलायचं आहे."

साहेब म्हणाले की श्राद्ध त्यांच्या खात्यात येत नाही, पण जबानी देता येईल. ऑफिसचा टायपिस्ट आला नव्हता. मी न विचारता यंत्रासमोर जाऊन बसले.

"हे तुमच्या बहिणीचे चिरंजीव, असं तुमचं म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही ह्यांना कधीपासून ओळखता?"

"दीड वर्षाचा होता तेव्हापासून."

"कसे?"

शेटजींनी अण्णांकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत बोलले. "बहीण पिनांगहून परत आली तेव्हा मूल घेऊन आमच्या दारात उभी राहिली. वडिलांनी कडी लावायला सांगितली. मी वरच्या खिडकीत होतो. तिनं मला बघितलं आणि मूल दोन्ही हातांनी उंच धरून दाखवलं. अर्धा तास उभी होती. मी खाली जाऊन दार उघडलं नाही."

साहेबांनी हात वर करून मला थांबवलं.

साहेब हळू म्हणाले, "एवढं नको. 'माझ्या बहिणीचा मुलगा आहे हे मला स्वतःला माहीत आहे' इतकं पुरे."

"लिहा," शेटजी म्हणाले. "दार उघडलं नाही, हे लिहा. त्याखाली माझी सही घ्या."

मी लिहिलं. माझ्या कुठल्याही पत्रकात त्या ओळीइतकी धार आली नाही, आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायला निघाले होते त्यानेच ती ओळ सांगितलेली.

म्हाताऱ्याने उभ्यानेच वाकून सही केली. अण्णांनी घडीचं स्टूल उघडून त्यांच्यामागे सरकवलं.

"बसा, मामा."

शेटजी बसले. अण्णांनी ह्या वेळी त्यांच्या तोंडात डोकावलं नाही.

मुदत त्याच दिवशी थांबली. पण कागद दिल्लीला गेला आणि त्याला परत यायला पाच महिने लागले. मधे एकदा साहेबांनी सुचवलं, अर्जात आईचंच नाव लावा, बापाचं आडनाव सोडा, काम लवकर होईल. अण्णा म्हणाले, "आडनाव पाटीवर रंगवलेलं आहे, साहेब. आईनंच रंगवून घेतलंय." विषय संपला. पाच महिने ते सोमवारी जात राहिले, आणि मी दिल्लीला पत्रं टाकत राहिले. त्या पत्रांची भाषा इथे देत नाही. अण्णा वाचून नुसते 'जोरात आहे' म्हणत.

कागद आला तो कामाचा वार होता, तरी अण्णांनी दवाखाना बंद केला.

"चला, होसकोट्याला जाऊ."

"तिथं काय आहे?"

"काही नाही. पण ते हद्दीपलीकडं आहे."

आम्ही बसने निघालो. कागद त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, हात त्यावर. नाक्यावर बस थांबली तसे अण्णा आपणहून खाली उतरले आणि शिपायासमोर कागद धरला. शिपाई शेंगा खात होता. त्याने कागदाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चढा, चढा, बस सुटेल."

होसकोटे येईपर्यंत अण्णा धुसफुसत होते. "एवढं करून मिळवलं आणि उघडूनसुद्धा बघत नाही! कसली ही ड्यूटी?"

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. मालक स्वतः विचारायला आला. अण्णांना राहवेना.

"मी बंगळूरचा बरं का," ते कन्नडमध्ये म्हणाले. "इथलाच. तसा सरकारी कागद आहे."

"असेल की," मालक म्हणाला. "कॉफीत साखर किती?"

अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कोटावरचा हात काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"दोन चमचे," म्हणाले. "आणि स्वल्प लवकर द्या. पाचच्या बसनं घरी जायचंय."